कोरडे तळहात

ब्रेके यांच्या घरात काडतुसं भरायच्या कामातला पहिला हात बाईचा. ही रीत बोर्गहिल्डबाईंनी, म्हणजे आर्लिसच्या सासूबाईंनी घालून दिलेली. एकदा बार झाला की पितळेची रिकामी पुंगळी फुगते. तिला पोलादी साच्यात दाबून पुन्हा मापात आणावी लागते. ते बाईनं करायचं. मग बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवणं, दारू मोजून घालणं, वर गोळी बसवणं, हे पुरुषानं.

आर्लिस नवी नवरी म्हणून मोन्टानातल्या या ड्राय फोर्क खोऱ्यात आली, तेव्हा सासूबाईंनी तिच्या तळहातावर पुंगळी ठेवली आणि म्हणाल्या, “अशी घोळव, पिठाचा गोळा घोळवतेस तशी. लोकं डब्यातलं वंगण काय लावतात, फवारे काय मारतात, आपल्यात नाही ते. हाताला माया असली की पुरते.” आर्लिसनं त्यात आपली एक भर घातली. प्रत्येक पुंगळी घोळवताना ती मनात म्हणायची, “प्रभू, आजची भाकर आज दे.” इतक्या वर्षांत तिच्या हातून एक पुंगळी कधी साच्यात अडकली नव्हती. चर्चमध्ये प्रार्थनेनंतर कॉफी पिताना दुसऱ्यांच्या अडकलेल्या पुंगळ्यांच्या गोष्टी निघाल्या, की तिचा नवरा डेलमार हसून म्हणायचा, “आमच्या घरी नाही बुवा अडकत. बायको प्रार्थना करते.” आणि आर्लिस मान खाली घालून केक कापत राही. खरं तर तिलाही ते तसंच वाटत होतं.

वसंतात त्यांनी मेंढ्या विकल्या. डेलमारचे गुडघे गेले होते, चराईचं रान दुसऱ्याला गेलं होतं, मुलगी दूर सिॲटलला. विकल्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि हे दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शांतपणे ठरवलंही होतं. शेवटची मेंढी फळीवरून ट्रकमध्ये चढली, ड्रायव्हर म्हणाला, “निघतो मग.” डेलमार म्हणाला, “बरं.” ट्रक गेला. तो आत येऊन खिडकीशी खुर्चीत बसला आणि रिकाम्या वाड्याकडे बघू लागला. तो बसला तो बसलाच. पिप कुत्रा बिचारा चार दिवस मेंढ्या शोधत हिंडला, मग कोंबड्या वळायला लागला. डेलमारला तेवढंही जमलं नाही. चर्च सुटलं. दाढी वाढली. ताटात वाढलेलं खाई, नाही वाढलं तर मागत नसे.

मे महिन्यात एकदा आर्लिस शेडमध्ये गेली, तर तो रायफल मांडीवर घेऊन बसला होता. पुसत नव्हता, तेल देत नव्हता, नुसता बसला होता. तिनं विचारलं, “काय करतोस?” तो म्हणाला, “काही नाही.” आणि खरंच तो काही करत नव्हता, त्याचंच तिला भय वाटलं.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पास्टरांची बायको लोरीन अंडी न्यायला आली. भरलेली सगळी काडतुसं आर्लिसनं टोपलीच्या तळाशी ठेवली, वर फडकं, वर अंडी. दारूचा डबा आणि टोप्या शिवणाच्या पेटीत घालून कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या क्रॉसशेजारी अडकवली. लोरीन म्हणाली, “रायफल पण दे ना.” आर्लिस म्हणाली, “तीस वर्षं त्या भिंतीवर आहे. भिंतच ओरडून सांगेल त्याला.”

तेव्हापासून तिचं आयुष्य कान देऊन ऐकण्यात गेलं. खुर्ची करकरली का, दार लागलं का, शेडच्या कडीचा आवाज आला का. भांडी घासताना ती नळ बारीक सोडायची.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण यंदा दोघांचंच झालं. घाट बर्फानं बंद, मुलगी आली नाही. आर्लिसनं स्तोत्र वाचलं, टर्की कापली. डेलमारनं बशीतला तुकडा काट्यानं इकडून तिकडे केला आणि एकाएकी म्हणाला, “एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम रविवारी संपतोय.”

“हो का?”

“शनिवारी जाईन म्हणतो. थोडी काडतुसं भर.”

तिच्या हातातला चमचा रश्शात पडला. वसंतापासून या माणसानं मीठसुद्धा मागितलं नव्हतं. आता काहीतरी मागितलं, आणि मागितलं ते हे.

जेवण आवरून तिनं लोरीनला फोन लावला.

“लोरीन, डेलनं काडतुसं मागितली.”

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. “कशाला गं?”

“एल्कला जातो म्हणतो.”

“तुला काय वाटतं?”

“मला काय वाटायचं ते वाटून संपलंय. नाही म्हटलं तर पुन्हा कशाचीच इच्छा धरणार नाही तो. हो म्हटलं, आणि...”

“हे बघ आर्लिस, देवाकडे मी तुझ्यासाठी काय वाट्टेल ते मागेन. पण काडतुसं काही परत देणार नाही हां.”

“तुझ्याकडची नकोयत. मला भर म्हणाला.”

लोरीन म्हणाली, “मग बाई, तुझ्या हातात आहे ते. मी गुडघे टेकते. तू हात चालव.”

शुक्रवारी सकाळी आर्लिसनं शेडमधली शेगडी पेटवली. कॉफीच्या जुन्या डब्यातून पुंगळ्या काढल्या. पिप दारात मुटकुळं करून बसला. तिनं पहिली पुंगळी तळहातांत घोळवली, प्रार्थना पुटपुटली, पुंगळी हातप्रेसच्या खाचेत बसवून तिला वरच्या साच्यात ढकलणारा दांडा ओढला. आत जाताना पुंगळी किंचाळली. असा आवाज तिनं या कामात कधी ऐकला नव्हता. कशीबशी बाहेर आली. थंडीमुळे असेल, असं म्हणून तिनं दुसरी घेतली.

दुसरी वर गेली आणि खाली येईना.

दोन पेले एकमेकांत अडकून बसावेत तशी पुंगळी साच्यात बसली होती. आर्लिसनं दांडा हलवला, मग दाबला, मग सगळा भार टाकून लोंबकळली. खट्‌कन आवाज झाला, दांडा सुटला आणि ती पिपच्या अंगावर पडता पडता राहिली. खाचेत बघते तो पितळेची बारीक चंद्रकोर, नखाच्या तुकड्याएवढी. पुंगळीच्या बुडाची कड फाटून आली होती. बाकीची पुंगळी साच्यात घट्ट. आता धरायलाही काही उरलं नव्हतं.

ती तिथंच गुडघ्यांवर बसली. “हेच तुझं उत्तर का, प्रभू?” साचा एकच. तो अडला म्हणजे काडतुसं नाहीत. आणि ह्यात तिचा काही दोष नाही, खोटं बोलायला नको, नाही म्हणायला नको. तिला इतकं हलकं वाटलं की त्या हलकेपणाची लाज वाटली.

घरात जाऊन तिनं सांगितलं, “डेल, पुंगळी अडकली. कड फाटली. साचा गेला बहुतेक.”

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. आईचा साचा होता. तो खिडकीबाहेर बघत होता, तसाच बघत राहिला.

“बरं,” तो म्हणाला.

तोच शब्द, त्याच आवाजात, ट्रकवाल्याला म्हटला होता तसा. काडतूस नाही म्हणून तो वाचला, असं ती आत्तापर्यंत समजत होती. आता दिसलं की त्याच्या हातातून शेवटची दोरीही आपण काढून घेतली. गोळीनं नाही तर ह्या खुर्चीनं, हा माणूस जाणारच.

ती शेडकडे धावली. साचा प्रेसमधून पिळून काढला. थंडीनं पितळ आकसतं असं कुणीतरी म्हणाल्याचं आठवलं, म्हणून फडक्यात गुंडाळून फ्रीजरमध्ये, उरलेल्या भोपळ्याच्या पक्वान्नाशेजारी ठेवला. वाट पाहिली. काढून बघितला. पुंगळी जागची हलली नव्हती. पकड लावली, पकड घसरली. जुनी टोपी पाडायची दांडी साच्याच्या वरून आत जाते, तिच्या डोक्यावर हातोडा घातला. एकदा, दोनदा. “हल गं बये, हल,” ती म्हणत होती आणि रडत होती. प्रार्थना आठवेना. तोंडात नुसतं “कृपा कर, कृपा कर” एवढंच येत होतं, आणि प्रत्येक “कृपा”ला एक घाव.

पिप भुंकला. दारात डेलमार उभा होता. बर्फात, घरातल्या सपातांवर.

“हातोडा?” तो म्हणाला. “साच्याला हातोडा घालतेस?”

“मग काय घालू?”

“दांडी वाकवलीस की नाही ते बघू दे. अगं, घोड्याचा नाल आहे का तो!”

“मग तू काढ! मला नाही येत. तुझ्या आईनं अडकवायला शिकवलं नव्हतं, काढायला कुठनं शिकवणार?”

तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. “मला उभं राहवत नाही फार वेळ.”

आर्लिसनं बादली पालथी घातली, वर पोतं टाकलं. “बस.”

तो बसला. साचा हातात घेऊन उजेडाकडे धरला. कित्येक महिन्यांत त्यानं कुठल्याही वस्तूकडे अशी नजर लावली नव्हती. “दांडी जराशीच वाकलीय. नशीब. आधी ती वर घ्यायची असते, शक्य तेवढी वर. नाहीतर ड्रिल तिलाच जाऊन भिडतं.” त्यानं पान्यानं दांडी वर घेतली. साचा बाकावरच्या वाइसच्या जबड्यात उलटा आवळला. “ड्रिल दे. बुडात टोपीचं भोक असतं ना, तेच मोठं करायचं. सरळ धर उजेड. माझ्या डोळ्यांत नको, भोकावर!”

“धरलाय की.”

“घाई नाही करायची. पितळ मऊ असतं. ड्रिल एकदम आत घुसलं की साचा खातं.”

पितळेचा कीस पोत्यावर पडू लागला. भोक पुरेसं झालं तसे त्यानं त्यात आटे पाडले, अर्धा फेरा पुढे, थोडा मागे. त्याचं मनगट थकलं. आर्लिसनं त्याच्या मनगटाखाली आपला हात दिला. मग साच्याच्या तोंडावर नळीचा आखूड तुकडा, त्यावर वायसर, आणि त्यातून बोल्ट खाली पुंगळीच्या आट्यांत.

“आता पिळ. मला जोर नाही.”

“मी?”

“तूच अडकवलीस ना?”

ती पाना फिरवू लागली. बोल्टचं डोकं वायसरवर टेकलं, आणखी खाली जायला जागा उरली नाही, तशी पुंगळीलाच वर यावं लागलं. आधी बोल्ट कण्हला. मग बाटलीचं बूच निघावं तसा आवाज करून पुंगळी निघाली.

डेलमारनं पुंगळी फिरवून पाहिली. अंगावर उभे ओरखडे होते. “कोरडी गेलीय. काय लावलं होतंस?”

“नेहमीचंच. म्हणजे काही नाही. हातच.”

त्यानं तिचा हात ओढून घेतला. तळव्यावरून अंगठा फिरवला. मग हात नाकाशी नेला.

“साबण,” तो म्हणाला.

आणि एवढ्यावर दोघांनाही उमगलं. दर शरदात, एडके सोडायच्या आधी, ते एकेक मेंढी उलटी करून बघत. डोळ्यांवरची, शेपटीखालची लोकर कातरत, सड चाचपत. नाताळपर्यंत आर्लिसच्या हातांचा ओशटपणा जात नसे. साबणाचा उपयोग होत नसे, पीठ मळायला घेतलं तर सासूबाई आधी लिंबू चोळायला लावत. लोकरीचं ते वंगण तळहातांच्या रेषांत मुरलेलं असायचं, आणि पुंगळीवर इतकंसं, हवं तेवढंच, लागायचं. बोर्गहिल्डबाईंची माया म्हणतात ती हीच. यंदा शरद आला आणि हातात मेंढीच आली नाही.

“मला वाटायचं, प्रार्थनेनं,” आर्लिस म्हणाली.

“मी तर सगळ्या चर्चला सांगत सुटलो होतो,” डेलमार म्हणाला. त्याचा ओठ हसायला म्हणून हलला आणि तिकडून रडणं आलं. वाकून, दोन्ही मुठी गुडघ्यांवर ठेवून, जनावर कण्हतं तसा तो रडला. ट्रक गेला त्या दिवशीही तो रडला नव्हता. आर्लिसनं त्याचं डोकं पोटाशी धरलं.

तो शांत झाल्यावर तिनं विचारलं. आता नाही विचारलं तर कधीच विचारता येणार नाही, हे तिला कळत होतं. “डेल, काडतुसं कशाला हवीत तुला?”

“लोरीनच्या टोपलीत गेली ती दिसली होती मला. अंडी काय इतकी जड असतात? दोन्ही हातांनी धरून चालली होती बिचारी.”

“ते नको सांगू. विचारलं त्याचं उत्तर दे.”

तो ओरखडलेली पुंगळी बोटांत फिरवत राहिला. “खरं सांगू? मला ठाऊक नाही. डोंगरावर गेल्यावर कळेल, असं वाटलं होतं.”

शेगडीत लाकूड कोसळलं. पिपनं कान टवकारले.

“मग मी भरत नाही,” आर्लिस म्हणाली.

“मग नको भरू.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. पुन्हा ती खुर्ची, पुन्हा तो “बरं”. ती उठली, शेगडीपर्यंत गेली, परत आली.

“भरते. पण माझ्या खिशात राहतील. आणि मी येणार तुझ्याबरोबर.”

“तू? डोंगरावर गप्प बसावं लागतं, माहीत आहे ना?”

“मनातल्या मनात बोलेन. आणि सोमवारी डॉक्टरकडे यायचं. आत्ता मला जे सांगितलंस, ते त्यांना सांगायचं. असंच्या असं.”

“हे काय, बाजारात आलोय का आपण?”

“हो. बोल.”

त्यानं नाक पुसलं. “येईन.”

“पण भरू कशी? लोकर कुठनं आणू?”

डेलमार बादलीवरून उठला. भिंतीला धरत, गुडघ्याला शिव्या देत तो गोठ्यात गेला, आणि तुळईमागून एक पोतं ओढून घेऊन आला. त्यात एका मेंढीची अख्खी लोकर होती, न धुतलेली, पिवळट, गवताच्या काड्यांसकट.

“ही घंटेवाली?” कळपाच्या पुढे गळ्यात घंटा घालून चालणाऱ्या मेंढीचा वास आर्लिसनं ओळखला. “व्यापाऱ्याला सगळी दिली म्हणाला होतास.”

“खोटं बोललो.”

तिनं दोन्ही हात मनगटांपर्यंत त्यात खुपसले. उबदार, ओशट, उग्र वास शेडभर झाला. पिप उठून उभा राहिला आणि शेपटी हलवत पोत्याभोवती फिरू लागला. त्याला बिचाऱ्याला वाटलं, आल्या.

डेलमारनं वाकलेली दांडी सरळ केली. काठीला चिंधी गुंडाळून साचा आतून घासला. “हे राहून गेलं की ओरखड्यात पितळ चिकटलेलं राहतं, मग पुढचीही तिथंच अडकते. आणि तू पुंगळीच्या खांद्यापाशी, जिथं ती निमुळती होते तिथं, जास्त चोळू नको. वंगण दबलं की पत्र्याला पोचा पडतो.”

“तीस वर्षं चोळतेय.”

“तीस वर्षं तू नव्हतीस चोळत. मेंढ्या चोळत होत्या.”

तिनं पुंगळी घोळवली. ओठ हलले.

“अजून करतेसच का प्रार्थना?”

“मग? मेंढ्या कुणी दिल्या होत्या?”

पुंगळी साच्यात गेली आणि आली, लोण्यातून सुरी यावी तशी. आर्लिसनं गळ्यातली किल्ली काढून शिवणाची पेटी उघडली. दारू त्यानं तिच्यासमोर मोजली, गोळ्या तिच्यासमोर बसवल्या, आणि एकेक काडतूस तयार होईल तसं तिच्या तळहातावर ठेवलं. ती ते एप्रनच्या खिशात टाकत गेली. बरं केलं की वाईट, हे तिला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शनिवारी ते वरच्या झाडीच्या कडेला ओंडक्याला टेकून बसले. दोघांच्या अंगात केशरी जाकिटं, आर्लिसच्या खिशात काडतुसं. बसल्यावर डेलमारनं न बघता हात पुढे केला. तिनं त्याच्या बोटांकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं. मग एक दिलं. त्यानं ते रायफलीत घातलं आणि नळी दरीकडे ठेवून बसून राहिला. आर्लिस मनातल्या मनात बोलत होती, थांबतच नव्हती. समोरच्या उतारावर बर्फ, काळी झाडं, एक कावळा. तिनं एल्कसाठी काही मागितलं नाही. तिचं लक्ष नवऱ्याच्या हातावर होतं. थंडीनं पाय बधिर झाले, तिनं हलवले नाहीत.

एल्क आलं नाही. उन्हं झाडीमागं उतरली. डेलमारनं एक मोठा श्वास सोडला. त्यानं रायफल उघडली, काडतूस बाहेर काढलं, बोटांनी पुसलं आणि तिच्यापुढे धरलं.

“धर. खिशात ठेव.”

तिनं घेतलं. तळहाताचा ओशटपणा पितळेवर लागला.

“उद्या शेवटचा दिवस,” तो उठायचा प्रयत्न करत म्हणाला. “चर्चमधनं थेट येऊ. माझे बूट गाडीत टाक.”

“चर्चमधनं?”

“हात दे गं. गुडघा धरलाय.”

तिनं हात दिला.